येलदरीची तुकडी

कामगार वसाहत, देवखाडी
३ नोव्हेंबर

नीलमताई, जय भीम.

पत्र बघून दचकू नको. वाईट काही न्हाई. फोन आत न्यायला बंदी झालीय म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा पेन धरलंय. कुण्या शहाण्यानं तळघराचा व्हिडिओ काढून बाहेर टाकला. तवापासून गेटवर सगळ्यांचे फोन पेटीत बंद. रविवारी दहा मिनटं देतात, तेबी साहेब शेजारी उभा राहून. तुला लिहायचं तर पत्रच बरं.

अणुवीज प्रकल्पात स्फोट होऊन आता दोन वर्षं झाली. वरचा मलबा उचलून झालाय. आमची येलदरीची तुकडी पंपघराच्या तळघरात हाय. भिंतीचा वरचा थर मशीननं खरवडायचा, चुरा पिपात भरायचा, झाकण आवळायचं, पीप क्रेनला लावायचं. अंगावर पांढरा सूट, तोंडाला मास्क, छातीवर बॅज. अंगात किती किरणं गेली ते हा बॅज मोजतो. वर्षाचा कोटा भरला की माणसाला कामावरून काढून घरी धाडतात.

माणसं इथं लवकर तापतात. परवा आंघोळीच्या रांगेत दोन वेल्डर भिडले. एकानं दुसऱ्याच्या तोंडावर पाना हाणला, जबडा निखळून लोंबायला लागला. फरशीवर रक्त पडलं तर आधी मशीन आणून त्यात किरणं हायेत का ते बघितलं, मग पुसलं. आमी सगळे हसलो.

एक गोष्ट सांगायची ऱ्हायली. मला मुकादम केलंय. आपल्या गावची चौदा माणसं माझ्या हाताखाली. कंत्राटदाराचे दळवी साहेब मला चारचौघांत बुद्धभूषणराव म्हणतात. आजवर मला राव कुणी म्हणलं होतं का, सांग बरं.

हरिओम मजेत हाय. तोंड तसंच चालू हाय त्याचं. त्याच्या आईला, सगुणामावशीला सांग, मी असल्यावर फिकर करू नको.

तुझा भूषण

*

येलदरी
१६ नोव्हेंबर

भूषण,

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मधल्या सुट्टीत दोनदा वाचलं. बुद्धभूषणराव! बाबा असते तर गावभर सांगत फिरले असते.

आता माझी बातमी. आम्ही परभणीत एक गट केला आहे. आपल्या जिल्ह्यातली चाळीसेक माणसं देवखाडीला सफाईच्या कामावर आहेत, त्यांच्या घरच्यांचा. कॉलेजातून निवृत्त झालेले मार्तंड पाठक सर आम्हाला शिकवतात. प्रकल्पवाले दर महिन्याला तुकडीवार आकडे जाहीर करतात, कुठे साफ झालं, कुणाच्या बॅजवर किती किरणं आली. ते आम्ही रविवारी फळ्यावर मांडतो. मी, सगुणामावशी, पोखर्णीच्या चार बाया आणि सर. मावशीला अक्षर येत नाही, पण आलेख वर चढला की खाली उतरला हे तिला माझ्याआधी कळतं.

त्यातच एक गोष्ट दिसली. पोखर्णीची तुकडी तुमच्याच तळघरात होती, चार आठवड्यांत कोटा भरून घरी आली. तुम्ही अकरा आठवडे झाले तिथेच आहात आणि तुमचे आकडे जागचे हलत नाहीत. सर चष्मा पुसून पुसून बघत होते. मी म्हटलं, "सर, माझा भाऊ लहानपणापासून हाताला जपणारा आहे. त्यानं माणसं सांभाळली असतील." तुम्ही काय खबरदारी घेता ते सविस्तर लिही. आम्ही ते छापून बाकीच्या तुकड्यांना पाठवू. सगळ्यांना तुझ्यासारखा मुकादम कुठे मिळायला!

इथेही तापलेलं आहे. गुरुवारी जिंतूरच्या बसस्टँडवर या आकड्यांची पत्रकं वाटत होतो. दोघे जण आले, "सफाई बंद पाडता का रे" म्हणाले आणि सरांना खांबावर आपटलं. सत्तरीचा माणूस. पुढचे दोन दात पडले. एक दात मी पत्रकाच्या गठ्ठ्यावरून उचलला. सर रुमाल तोंडाला लावून म्हणाले, "उरलेली पत्रकं वाटून टाका, मग दवाखान्यात जाऊ."

मावशी विचारायलीय, हरिओमच्या हिरड्यांतून रक्त येतं म्हणे. रविवारी फोनवर बोलताना तो मध्येच थुंकला आणि फोन बंद झाला. खरं काय ते कळव.

नीलम

*

देवखाडी
१ डिसेंबर

ताई,

तुझ्या सरांना सांग, फळा पुसा आन् घरी बसा. इथं काय चालतं ते परभणीत बसून कळत न्हाई. खबरदारी छापायची काही गरज न्हाई. माझं नाव तर अजिबात घालू नको. काम हाय, आमी करायलोत, संपलं.

हिरड्यांचं म्हणशील तर तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येणारच. तो काही लहान लेकरू न्हाई. उलट त्याच्यामुळं मी बेजार झालोय. रोज काहीतरी खुसपट. परवा सगळ्यांसमोर हेल्मेट फेकून म्हणला, "मी खाली जात न्हाई, आधी मुकादमानं उतरावं." मी काय उतरत न्हाई का? रोज उतरतो. सगळे बघायलेले, दळवी साहेब बघायलेले. मी एक थोबाडीत ठेवून दिली. जरा जोरात बसली. कानातून रक्त आलं.

संध्याकाळी माफी मागायला गेलो तर कूस बदलून निजला.

हे मावशीला बोलू नको. तुला सांगितल्याशिवाय मला राहवत न्हाई म्हणून लिहिलं. आमी दोघं येलदरीच्या पाण्यात एकाच टायरवर पोहायला शिकलोत. भांडण आमचं हाय, मिटंल.

आन् तुझ्या त्या आकड्यांचं पुन्हा लिहू नको. पत्रं कुणी उघडत असंल तर माझी वाट लागंल.

भूषण

*

येलदरी
९ डिसेंबर

भूषण,

तू मला असं कधी लिहिलं नव्हतंस, म्हणून चिडले नाही. घाबरले.

सरांच्या घरावर दगड आले. भर दुपारी, जेवताना. एक त्यांच्या बायकोच्या ताटात पडला. तोवर मी समजत होते की कंत्राटदाराला आमची पत्रकं नको आहेत. आता सर म्हणतात, त्यांना तुमच्या तुकडीचे आकडे कुणी बघायला नको आहेत. दगड येलदरीचा आलेख फळ्यावर लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी आले.

मी तुला सरळ विचारते. बॅज घालून तुम्ही खाली जाता ना? की कुणी तुम्हाला काढायला लावतं? जबरदस्ती असेल तर एक ओळ लिही. नुसतं "हो ताई" लिही, पुढचं आम्ही बघू. तू असल्या गोष्टीला मान डोलावणारा नाहीस. आठवीत मास्तरांनी तुला वेगळं बसवलं तेव्हा तू पाटी घेऊन मध्यभागी जाऊन बसला होतास.

हरिओमवर हात टाकलास ते वाईट केलंस. त्याला म्हणावं, मलाही दोन ओळी लिही. त्याचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे.

उत्तराची वाट बघते.
नीलम

*

देवखाडी
२० डिसेंबर

ताई,

हरिओम गेला.

१७ तारखेला दुपारी भिंतीला बांधलेल्या पाइपाच्या पहाडावरून पडला. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, खाली काँक्रीट. डोकं फुटलं. मी खालीच होतो. दवाखान्यात न्यायच्या आधीच संपलं.

मयत गाडीनं येलदरीला निघालंय, हे पत्र त्याच गाडीत दिलंय. पेटी सीलबंद हाय. ती उघडायची न्हाई, किरणांचा धोका असतो, तसा कागदच लावलाय वरून. मावशीला नीट समजावून सांग. तोंड बघायचा हट्ट करू देऊ नको. लगेच उरकून घ्या.

मला सुट्टी मिळत न्हाई.

भूषण

*

येलदरी
२७ डिसेंबर

भूषण,

मावशीनं पेटी उघडली.

मी तुझं पत्र वाचून दाखवलं होतं, वरचा कागदही वाचून दाखवला. ती ऐकत राहिली. मग घरात गेली, मासे तोडायचा कोयता घेऊन आली आणि पेटीवरचं प्लास्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाडलं. कंत्राटदाराच्या माणसानं तिचा हात धरला. तिनं कोयता त्याच्या मनगटावर ओढला. हाडापर्यंत गेला. तो ओरडत मागं सरला आणि भोई गल्लीतली सगळी माणसं पुढे झाली.

पाठक सर किरणं मोजायचं मीटर घेऊन आले होते. त्यांनी पेटीभोवती फिरवलं. म्हणाले, "केसांत थोडं आहे, हातमोजे घाला. बाकी भिण्यासारखं काही नाही. उघडू नका म्हणायचं कारण हे नव्हे."

कारण आम्ही बघितलं. पडलेल्या माणसाचं डोकं फुटतं, मान मोडते. हरिओमच्या दोन्ही हातांची कोपराखालची हाडं मोडलेली होती. बाहेरच्या बाजूनं. माणूस डोक्यावर हात धरतो आणि वरून फटके बसतात तेव्हा मोडतात तशी. पाठीवर पाइपाचे वळ, निळे, एकावर एक. मावशीनं स्वतः आंघोळ घातली. प्रत्येक वळावरून हात फिरवला. रडली नाही.

त्यानंतर जे झालं ते तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते. माणसांनी मयत घेऊन आलेली जीप उलटी केली आणि पेटवली. ड्रायव्हरला केसाला धरून बाहेर काढलं. त्याचा काही संबंध नव्हता, तो भाड्याचा ड्रायव्हर. त्याच्या तोंडावर दगड घालायला लागले. एक डोळा बाहेर आल्यासारखा दिसला आणि मी त्याच्या अंगावर आडवी पडले. माझ्या पाठीत दोन लाथा बसल्या. कुणाच्या ते माहीत नाही, आपल्याच कुणाच्या तरी. मग माणसं थांबली. ड्रायव्हर परभणीच्या दवाखान्यात आहे. डोळा गेला.

भूषण, तू खाली होतास असं लिहिलंस. म्हणजे तू बघितलंयस. दळवीच्या माणसांनी त्याला मारलं आणि तुला हे पत्र लिहायला लावलं, इतकं मला कळतं. तुझं अक्षरच सांगतं, एकेक अक्षर कोरून काढलंय. तू घाबरला असशील. घाबरणं गुन्हा नाही. पण आता तूच एक साक्षीदार आहेस. मी मावशीला शब्द दिलाय, "माझा भाऊ खरं सांगेल." तिनं मान हलवली. त्या दिवसात तेवढीच एकदा.

कसाही निरोप पाठव. आम्ही न्यायला येतो.

नीलम

*

देवखाडी
६ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचलं. मग चार दिवस कागद घेऊन बसलो. आज लिहायलोय. एकटी असशील तवा वाच.

बॅज घालून आमी खाली जात न्हाई. सप्टेंबरपासून जात न्हाई. कपडे बदलायच्या शेडमध्ये शिशाचा पत्रा लावलेली एक पेटी हाय. उतरायच्या आधी सगळ्यांचे बॅज त्यात ठेवायचे, वर आल्यावर घालायचे. शिशातून किरणं जात न्हाईत, म्हणून तुमच्या फळ्यावर आमचा आकडा हलत न्हाई. जबरदस्ती मला कुणी केली न्हाई. दळवी म्हणला, "कोटा भरला तर तुकडी घरी जाईल, परत कुणी घेणार न्हाई. काम शिकलेली माणसं मी सोडू का? बुद्धभूषणराव, तुमीच सांगा." मी पेटीची किल्ली घेतली. पेटी माझ्या ताब्यात होती, ताई. चौदा माणसांना मी सांगायचो, "काढा रे." माझा बॅजबी मी त्यातच ठेवायचो, म्हणून मला वाटायचं की मी काही वेगळं करत न्हाई.

हरिओमला उलट्या व्हायला लागल्या. त्यानं एक युक्ती केली. साबणाच्या डबीचा तुकडा कापून बॅजच्या जागी पेटीत ठेवायचा आन् खरा बॅज पोटाला चिकटपट्टीनं बांधून खाली न्यायचा. असं नऊ दिवस. महिन्याच्या शेवटी बॅज मोजायला गेले की त्याचा एकट्याचा आकडा आभाळाला टेकला असता आन् सगळं उघडं पडलं असतं.

१७ तारखेला दळवीनं पेटी तपासली. दार लावून घेतलं. आत तो, त्याची दोन माणसं, मी आन् हरिओम.

दळवी म्हणला, "खरा कुठंय?"

हरिओमनं सदरा वर केला. "हा काय. नऊ दिवस माझ्यासंगं खाली येतोय. जाऊ द्या की मोजायला. तो खोटं बोलत न्हाई."

दळवीनं कोपऱ्यातला पहाडाचा पाइप उचलला आन् माझ्या हातात दिला. "बुद्धभूषणराव, माणूस तुमचा हाय. समजावा."

हरिओम माझ्याकडं बघून म्हणला, "भूषण्या, ठेव ते. चल, घरी जाऊ."

मी मारला. खांद्यावर, हळू, दळवीला दाखवायला. हरिओम हसला. त्याला कळलं की मी हळू मारला. तेवढ्यावर मिटलं असतं. पण तो म्हणला, "मार किती मारायचं ते. नीलमताईला मी सगळं सांगणार हाय. तुझा भाऊ किल्ली घेऊन बसतो म्हणून सांगणार हाय."

ताई, तुझं नाव निघालं आन् माझं मला काही कळंना. तू लिहिलं होतंस, सगळ्यांना तुझ्यासारखा मुकादम कुठं मिळायला. ते पत्र माझ्या खिशात होतं. याचं तोंड बंद झालं पायजे, येवढंच डोक्यात. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले. मी हातांवर मारलं. हाड मोडल्याचा आवाज आला तरी मारलं. तो खाली बसला, मग आडवा झाला, मी पाठीवर मारलं. मग डोक्यात. दळवीच "बास, बास" म्हणायला लागला. त्यानंच मागून येऊन माझा हात धरला.

पहिला फटका दळवीनं मारायला लावला. बाकीचे माझे हायेत.

आन् आणखी एक. पडला असं दाखवायला पहाडावर नेताना त्याचा श्वास चालू होता. घरघर ऐकू येत होती. त्याचे पाय मी धरले होते.

हे कुणाला माहीत न्हाई. तू मावशीला शब्द दिलास म्हणून लिहिलं. हरिओमचा बॅज मी त्याच्या पोटावरून काढून घेतला. दळवीला सांगितलं, जाळला. या पत्रात घातलाय. पत्र चुलीत घाल नाहीतर पोलिसांत दे. तू ठरव. मी आजवर जे ठरवलं त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

बुद्धभूषण

*

येलदरी
१५ जानेवारी

बुद्धभूषण,

दोन दिवस मी शाळेत गेले नाही. दोनदा चूल पेटवली. दोनदा पत्र हातात घेऊन चुलीसमोर बसले. तुला आंघोळ घातलीय मी, तापात मांडीवर घेऊन बसलेय. खोटं कशाला सांगू, जाळायचं मनात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीकडे गेले. पोलिसांकडे आधी जाणं बरोबर वाटलं नाही. ती काठावर जाळं उसवत बसली होती. म्हटलं, "मावशी, भूषणनं खरं लिहिलंय." ती म्हणाली, "वाच."

मी वाचलं. "तुमीच सांगा" पर्यंत ती जाळंच बघत होती. साबणाच्या डबीचं आलं तेव्हा पहिल्यांदा हसली, "माझं पोरगं." पुढे "मी मारला" हे शब्द वाचले आणि ती उठली. होडीतलं वल्हं घेतलं आणि माझ्या खांद्यावर घातलं. गळ्याच्या इथलं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी खाली पडले. तिनं परत उचललं. मी हात वर केले नाहीत. करावेसे वाटले, पण हरिओमचे हात डोळ्यासमोर आले. वल्हं माझ्या डोक्याशेजारी वाळूत बसलं.

मग ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "पुढं वाच."

मी आडवी पडूनच पुढचं वाचलं. शेवटपर्यंत. श्वास चालू होता, तेही. ते गाळायचा मोह झाला होता. गाळलं नाही.

दुपारी पाठक सर, मावशी आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. माझा हात गळ्यात बांधलेला होता. कसं लागलं विचारलं तेव्हा मी घसरले म्हणून सांगितलं. आज एवढंच एक खोटं बोलले. पत्र दिलं, बॅज दिला. फौजदार आधी दुर्लक्ष करत होते, मग सरांनी त्यांना आलेख समजावला आणि मावशी टेबलाला धरून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत फिर्याद लिहिली गेली. पोलीस आणि तपासणी अधिकारी तिकडे यायला निघतील. त्यांच्या आधी हे पत्र पोचेल का, माहीत नाही. पोचलं तर पळून जाऊ नकोस.

आणि किल्ली तुझ्याकडे आहे. तेरा माणसं अजून तळघरात उतरतायत. त्यांना वर काढ. माझ्यासाठी नको. मला तुझ्याकडून आता काही नको आहे.

नीलम

*

तुरुंगातला दवाखाना
२ फेब्रुवारी

ताई,

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर लागंल तसं लाव.

तुझं पत्र पोलिसांच्या एक दिवस आधी आलं. सकाळी शेडमध्ये पेटी उघडली आन् तेरा जणांना म्हणलं, "बॅज घाला. खाली जायचं न्हाई. गेटाकडं चला." कुणी हलंना. त्यांना वाटलं, हा काहीतरी डाव हाय. बरोबरच हाय, माझ्यावर कोण इमान ठेवणार? मग मी सांगितलं, हरिओमला कुणी मारलं ते. तिथंच, उभ्यानं. त्यातल्या सिद्धोधननं पुढं येऊन माझ्या तोंडावर ठोसा मारला, ओठ फाटला. मग त्यानंच आधी बॅज उचलला. त्याच्या मागं बाकीचे.

गेटाच्या अलीकडं दळवीची माणसं आडवी आली, गज घेऊन. मी पेटी छातीशी धरून मधी उभा ऱ्हायलो आन् ओरडलो, "पळा!" तेवढ्यात ते बाहेर पडले. मला खाली पाडलं. आधी गुडघा फोडला, मग पेटी सोडंना म्हणून उजवा हात. बोटं एकेक करून ठेचली. मी पेटीवर पालथा पडलो. दुखलं लय, पण खोटं कशाला लिहू, प्रत्येक फटक्याला बरं वाटायलं होतं. ते बरं वाटणंसुद्धा मला शोभत न्हाई.

बाहेर पडलेल्यांनी रस्त्यावर ट्रक आडवे लावायला लावले, बोंबाबोंब केली. पेटी पोलिसांना शाबूत मिळाली. दळवीला आन् त्या दोघांना धरलंय. तळघराचं काम बंद ठेवलंय. तेरा जणांचं रक्त तपासलं, चौघांचं लय बिघडलेलं हाय, सिद्धोधनचंबी. माझं त्याहून वाईट. डॉक्टर म्हणतात, पांढऱ्या पेशी राहिल्याच न्हाईत, इंजेक्शनं घ्यावी लागतील, रोज, सहा महिने. मी नको म्हणलं. सही करून दिली. केस उभी राहायला वर्ष लागंल, तवर आपोआप मिटंल.

तू उत्तर देऊ नको. फक्त ड्रायव्हरच्या डोळ्याचं काय झालं ते कळलं तर बरं.

बुद्धभूषण

*

येलदरी
११ फेब्रुवारी

बुद्धभूषण,

ड्रायव्हरचा डोळा परत येणार नाही. गल्लीतल्या चौघांवर केस झाली आहे. मी साक्ष देणार आहे. त्यांच्या घरी माझ्याशी कुणी बोलत नाही.

तेरा जण परत आले. रविवारी फळ्यासमोर स्वतः बसले होते. सरांनी आधीचा येलदरीचा आलेख पुसला आणि खरा काढला, हरिओमच्या बॅजवरून हिशेब मांडून. फळा पुरला नाही, रेघ भिंतीवर न्यावी लागली. मग सिद्धोधन म्हणाला, "आता पुढच्या तुकडीचं लावा. त्यांना कोण बघतंय?" आणि आम्ही पुढची तुकडी लावली.

तुला उत्तर द्यायचं नव्हतं. पण इंजेक्शनं नको म्हणालास ते मी मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, कागद घे. खाली तिचं आहे. तिनं सांगितलं, मी लिहिलं. एक शब्द बदलला नाही.

"भूषण, मी सगुणा बोलायलीय. तुला माफ केलं म्हणून लिहायलेय असं समजू नको. माफ केलं न्हाई. करणार न्हाई. तुझ्या बहिणीला मारलं त्याचं मला वाईट वाटतंय, तुझं न्हाई वाटत.

तू मरायला बसलास म्हणं. म्हंजे तू सुटलास. मग कोर्टात कोण सांगंल? दळवी सांगंल का? त्यो म्हनंल, पोरगं पडलं. कागुद हाय, पर कागदाला उलटं सुलटं इचारत्यात, त्येला तोंड न्हाई. माझ्या लेकाच्या पोटाला काय बांधलं व्हतं, त्यो काय म्हनला, कसा हासला, समदं तुलाच ठावं हाय. त्येचं शेवटचं बोलनं तुझ्यापाशी हाय, माझ्यापाशी न्हाई. ते घिऊन तू मरायचं न्हाई.

सुई घे. रोज घे. भाकर खा. कोर्टात उभं ऱ्हा आन् पयल्यापासून सांग. एक बी फटका कमी करून सांगू नगं. मी म्होरं बसलेली आसंल."

तिनं अंगठा उठवला आहे. तारीख लागली की कळव. आम्ही दोघी येऊ.

नीलम